पडद्यावरील रंग आणि कागदावरील रंग

संगणकाच्या पडद्यावर छायाचित्र प्रसन्न व उजळ दिसतें, आणि तेंच कागदावर उतरलें कीं काळवंडतें, ही तक्रार आतां घरोघरीं ऐकूं येते. सहलीचें चित्र असेल तर हंसून सोडून देतां येतें. परंतु दिवंगत वडील माणसाचें एकुलतें एक चांगलें छायाचित्र मोठें करून भिंतीवर लावावयाचें, आणि त्यांतील मुद्राच ओळखूं येऊं नये, हें जिवाला लागतें. अशा वेळीं छापणाऱ्याला बोल लावला जातो. आमच्या मतें दोष बहुधा त्याचा नसतो.

पडदा स्वतः प्रकाश देतो. कागद दुसऱ्याचा प्रकाश परत करतो. पडद्यावर लाल, हिरवा व निळा हे तीन प्रकाश मिळाले कीं पांढरें होतें. कागदावर आकाशी, किरमिजी व पिवळी शाई एकमेकींत मिसळली कीं काळ्याकडे जातें. म्हणून पडद्यावरील कित्येक झगझगीत छटा शाईला साधतच नाहींत. दोघांचें अगदीं एकरूप होणें अशक्य. समेट मात्र घडवितां येतो.

त्याची पहिली पायरी उजेडाची. नवा पडदा बहुधा फारच उजळ ठेवलेला असतो. छपाईच्या कामास दर चौरस मीटरला सुमारें ८० ते १२० कँडेला एवढें तेज पुरतें. मोजण्याचें साधन नसल्यास पडद्याशेजारीं चांगल्या उजेडांत कोरा कागद धरावा, पडद्यावर कोरें पान उघडावें, आणि दोन्ही सारखींच उजळ दिसेपर्यंत पडद्याचें तेज उतरवावें. एवढ्यानेंच निम्मी तक्रार मिटते.

दुसरी पायरी पत्रिकेची. पडद्यावर ठेवून रंग मोजणारें लहानसें यंत्र मिळतें. तें त्या पडद्याचें ‘प्रोफाइल’, म्हणजे रंगस्वभावाची पत्रिकाच, तयार करतें. शाई व कागद यांच्या जोडीचीही अशीच पत्रिका असते. कागद बदलला कीं तीही बदलते. या पत्रिका सर्वांस वाचतां याव्यात म्हणून १९९३ सालीं आठ कंपन्यांनीं ‘इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम’ ही संस्था स्थापिली. कागदाची पत्रिका चित्र उघडणाऱ्या प्रोग्रॅमला दिली असतां छापील रूप कसें येईल याचा अंदाज पडद्यावरच पाहतां येतो.

मात्र जुळवणी एकानेंच करावी. प्रोग्रॅमही रंग सुधारतो आणि छपाईयंत्रही सुधारतें, असें झालें तर एका पत्रिकेला दोन ज्योतिषी लागल्यासारखें होतें. चेहरे तांबूस किंवा हिरवट निघतात. दोहोंपैकीं एकाची सुधारणा बंद ठेवावी. चित्र बाहेर छापावयास द्यावयाचें असल्यास, दुकानदारानें निराळें सांगितलें नसेल तर, तें ‘एसआरजीबी’ या पद्धतींत द्यावें. १९९६ सालीं पुढें आलेली ही पद्धत बहुतेक ठिकाणीं चालते.

मूळ चित्राला हात न लावतां प्रतीवरच काम करावें. आधीं लहान तुकडा छापून तो पुरता वाळूं द्यावा, आणि चित्र जेथें टांगावयाचें तेथील उजेडांत पाहावा. पिवळ्या दिव्याखालीं दिलेला निकाल सकाळच्या उन्हांत टिकत नाहीं.

एक गोष्ट मात्र कोणतेंही यंत्र सांगूं शकत नाहीं. जुन्या रंगीत छायाचित्रांतील रंग काळानें विटतात. त्यांतील शालू डाळिंबी होता कीं वांगी, हें पडद्याला ठाऊक नसतें. तो शालू ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिला त्यांनाच ठाऊक असतें. घरांत असें वृद्ध माणूस असेल तर तो छापील तुकडा प्रथम त्याच्या हातीं द्यावा, आणि तें काय म्हणतें तें चित्रामागें लिहून ठेवावें. पडदा पुढच्या महिन्यांतही दुरुस्त करतां येईल. हें विचारणें मात्र पुढच्या महिन्यावर टाकूं नये.