किनाऱ्यावरची बाळंतीण

नाताळच्या सुट्टीत नगर-संगमनेरच्या गाड्या कोकणाकडे निघतात. हल्ली घरचा कुत्राही सोबत असतो आणि वाळू दिसली की त्याला मोकळं सोडलं जातं. पण मैत्रिणींनो, नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ. मादी रात्री येते, वाळूत शंभरेक अंडी घालून समुद्रात परतते. पुढचे दीड-दोन महिने त्यांना राखणारं कुणी नसतं. कुत्र्याला वास लागला की घरटं उकरलंच म्हणून समजा! रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने अंडी कुंपणात जपली, पिल्लं समुद्रात सोडली. गावाने एवढं करायचं आणि पाहुण्यांनी कुत्रं मोकाट सोडायचं?

बारा महिने बंदी नकोच. पण विणीपासून पिल्लं बाहेर पडेपर्यंत अशा किनाऱ्यांवर कुत्र्यांना मज्जाव हवाच. भटक्या कुत्र्यांना वाळूवर बिस्किटं टाकणंही थांबवावं. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत सव्वा महिना ऊठसूट कुणी शिरत नाही. तेवढाच मान कासविणीलाही द्यायला काय हरकत आहे?