थाई मेनूचं शेवटचं पान

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांची एक ठरलेली तक्रार आहे. इथल्या लोकांना 'इंडियन फूड' म्हणजे बटर चिकन, नान आणि मँगो लस्सी. पिठलं माहीत नाही, थालीपीठ माहीत नाही, कोळंबीचं कालवण तर नावानेही माहीत नाही. तक्रार शंभर टक्के खरी आहे. पण हीच मंडळी शुक्रवारी संध्याकाळी थाई हॉटेलात जातात तेव्हा काय मागवतात? पॅड थाई, ग्रीन करी, स्प्रिंग रोल आणि तो केशरी रंगाचा गोड चहा. मेनू उघडायचीसुद्धा गरज पडत नाही.

मी लॉस एंजेलिसच्या बाजूला राहते. इथे हॉलिवूड भागात १९९९ पासून अधिकृत 'थाई टाऊन' आहे, थाई वस्ती मोठी आहे, हॉटेलं पावलोपावली. म्हणजे न मिळण्याची सबब नाही. तरीही दहापैकी नऊ टेबलांवर तीच चार ताटं दिसतात. हा निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही, यात बरंच राजकारण आहे, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

पॅड थाई हा 'थायलंडचा पारंपरिक पदार्थ' वगैरे नाही. फील्ड मार्शल फिबून यांनी १९३९ मध्ये सयामचं नाव बदलून थायलंड केलं, आणि लोकांनी कपडे कोणते घालावेत, भाषा कोणती बोलावी याचे सरकारी फतवे काढले. त्याच राष्ट्रबांधणीच्या काळात मूळच्या चिनी पद्धतीच्या परतलेल्या नूडल्सना 'थाई' नाव देऊन घरोघरी पोचवलं गेलं. पुढे २००२ च्या सुमारास थाई सरकारने 'ग्लोबल थाई' नावाची योजना आणली: परदेशात थाई हॉटेलं वाढवायची, त्यासाठी कर्ज द्यायचं, आचारी तयार करायचे, हॉटेलांचे नमुनेसुद्धा ठरवून द्यायचे. योजना हुशारीची होती आणि यशस्वी झाली, मान्यच आहे. (आपल्या सरकारांनी वडापावासाठी एवढं केलं असतं तर!) पण देश निर्यात करायचा म्हटला की त्यातलं गोड, गुळगुळीत, कुणालाही न बोचणारं तेवढंच पेटीत भरलं जातं. बाकीचं मागे राहतं, आणि मागे काय राहिलं हे बघण्यासारखं आहे.

ईशान्य थायलंडला इसान म्हणतात. देशाची जवळपास एक तृतीयांश लोकसंख्या तिथली. कोरडा, गरीब भाग, घरात बोली लाओ. तिथली माणसं बँकॉकला टॅक्सी चालवायला, बांधकामावर, घरकामाला आली आणि येताना सोम तम घेऊन आली, म्हणजे उखळीत ठेचलेली कच्ची पपई. आता गंमत बघा. आपल्याला 'पपया सॅलड' म्हणून जे मिळतं ते 'सोम तम थाई': शेंगदाणे, ताडगूळ, थोडी वाळलेली कोळंबी. गावाकडच्या सोम तममध्ये 'प्ला रा' असतं, मीठ आणि तांदळाचा कोंडा घालून महिनोन् महिने आंबवलेले मासे. वास असा की शहरी बँकॉककरांनी वर्षानुवर्षं नाकं मुरडली. पदार्थाला मुरडली आणि तो खाणाऱ्या माणसालाही.

हे ओळखीचं वाटत नाही का? मुंबईत सुकट-बोंबील भाजणाऱ्यांना सोसायटीत भाडेकरू म्हणून घेत नाहीत, तेव्हा आपण चिडतो. बरोबरच चिडतो. मग इथे वेटर 'याला जरा वास येतो हं' म्हणाला की लगेच 'नको नको, ते साधंच द्या' का म्हणतो?

बरं, यातलं अनोळखी तरी किती आहे? 'लाब' घ्या. खिमा, लिंबू, पुदिना, लाल तिखट, आणि वरून भाजून जाडसर कुटलेल्या तांदळाची पूड. त्या पुडीचा खमंगपणा मेतकूट खाल्लेल्या माणसाला समजवावा लागत नाही. दक्षिणेची 'केंग सोम' ही हळदीची आंबट-तिखट माशाची करी, नारळाचं दूध अजिबात नाही, मालवणी माणसाला तिखल्याची आठवण येईल. 'मियांग खाम' म्हणजे विड्याच्या कुळातल्या पानात भाजलेलं खोबरं, आलं, शेंगदाणे, सालासकट लिंबाची फोड, मिरची, सुकी कोळंबी, सगळं गुंडाळून एका घासात. 'खनोम क्रोक' तर चक्क अप्पेपात्रात होतात, तांदूळ आणि नारळाच्या दुधाचे. 'खाओ मोक काय' हा तिथल्या मुसलमानांचा हळदीचा चिकन-भात, बिर्याणीचा दूरचा भाऊ.

शाकाहारी मंडळींचा प्रश्न मात्र खरा आहे. फिश सॉस जवळजवळ सगळ्यात असतो, आणि 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर तो वगळलाच जाईल असं नाही. त्यासाठी थाईत वेगळा शब्द आहे, 'जे'. मांस-मासे नाहीत, अंडं-दूध नाही आणि कांदा-लसूणही नाही, म्हणजे आपल्या चातुर्मासाच्या वरताण! साधारण नवरात्राच्या आसपास नऊ दिवस हे पाळतात, फुकेतमध्ये तर फार मोठ्या प्रमाणावर. हॉटेलात 'जे' म्हणून बघा, आचारी बाहेर डोकावून बघतो कोण आलंय ते.

आता कुणी म्हणेल, पंधरा-अठरा डॉलर देऊन प्रयोग कशाला करायचे? मुलं खाणार नाहीत, वाया जाईल. अगदी रास्त. म्हणून मी सगळं सोडा म्हणत नाही. चार ताटं मागवताना तीन नेहमीची घ्या, चौथं वेगळं. हॉटेलवाल्याचं गणित सरळ असतं: जे मागवलं जात नाही ते पुढच्या छपाईत मेनूवरून गळतं. त्यासाठीची पानं, मुळं, आंबवलेले मासे आणून ठेवणं त्याला परवडत नाही. स्वयंपाकघरातल्या बाईला दहा प्रकार येत असतात, पण ती दिवसभर पॅड थाईच परतत राहते. आणि मग आपणच म्हणतो, सगळी थाई हॉटेलं सारखीच.

उलटंही घडतं. इथल्या जितलादा हॉटेलात दक्षिणी पदार्थ मेनूच्या शेवटी थाई लिपीत होते, बाहेरच्यांना वाचताच येत नव्हते. एका हौशी खवय्याने त्यांचं इंग्रजी केलं, मग जोनाथन गोल्ड यांनी त्यावर लिहिलं (पुलित्झर मिळवणारे पहिले खाद्यसमीक्षक, २००७), आणि लोक त्याच पानासाठी रांगा लावायला लागले. स्वयंपाक तोच होता, विचारणारे वाढले.

तर या शनिवारी गेलात की विचारा, 'तुम्ही स्वतः घरी काय खाता?' पहिल्यांदा ते हसून टाळतील, 'तुम्हाला तिखट लागेल' म्हणतील. ठेच्यावर वाढलेल्या माणसाने तेवढ्यावर माघार घेऊ नये. काय आलं ते खाली कॉमेंटमध्ये लिहा, हॉटेल आणि गाव सांगून, म्हणजे इतरांना उपयोग होईल. आणि 'पण पॅड थाई चांगलीच असते की' असं लिहू नका, ते मलाही मान्य आहे.