‘जातीवर लिहू नका’ सांगणारे एक्स्पर्ट

आमच्या अभ्यासिकेत येणारा एक पोरगा आहे. बी.ए. झालेला, लिहितो झकास. वस्तीतल्या पाण्याची रांग, सफाई कामगारांचं कंत्राट, शिष्यवृत्तीचे रखडलेले पैसे, असल्या विषयांवर त्याचा ब्लॉग आहे. त्याने आईच्या बचत गटातून १२ हजारांचं कर्ज उचललं आणि ‘ब्लॉगमधून महिन्याला लाख’ शिकवणाऱ्या एका एक्स्पर्टचा कोर्स घेतला. आधी रविवारी फुकट वेबिनार, शेवटी ‘आज रात्री बारापर्यंतच’ सवलत. आवळा देऊन कोहळा काढणं, दुसरं काय!

तिसऱ्या धड्यात सल्ला मिळाला : जात, आरक्षण, अत्याचार हे विषय सोडा. कर्ज, विमा, क्रेडिट कार्ड यांवर लिहा.

मित्रांनो, माझंही डोकं फिरलं. पण राग बाजूला ठेवून हा सल्ला तपासू, कारण तो खोटा नाही आणि गोम तिथेच आहे. विमा कंपनीला एक गिऱ्हाईक मिळालं की वर्षानुवर्षं हप्ते मिळतात, म्हणून ती एका क्लिकसाठी मोठी बोली लावते. अत्याचाराच्या बातमीशेजारी कोण बोली लावणार? गुगल अ‍ॅड्समध्ये जाहिरातदाराला ‘संवेदनशील सामाजिक विषय’, ‘शोकांतिका आणि संघर्ष’ अशा मजकुराजवळ माझी जाहिरात नको, असं एका खुणेसरशी ठरवता येतं. आपलं निम्मं जगणं या दोन खान्यांत मोडतं. १९२० साली ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे मोजूनही ‘केसरी’ने छापली नाही. तेव्हा नकार देणारा निदान दिसत तरी होता!

म्हणजे एक्स्पर्टने बाजाराचा नियम बरोबर सांगितला. जे सांगायला हवं होतं ते मात्र गिळलं. अ‍ॅडसेन्स १०० डॉलर जमल्याशिवाय खात्यात पैसे पाठवत नाही. हजार वाचनांमागे अर्धा डॉलर मिळतो असं धरून चला. पहिल्या शंभर डॉलरसाठी दोन लाख वाचनं लागतील. आमच्या पोराच्या सगळ्यात गाजलेल्या लेखाला अकराशे होती. आणि विम्यावर लिहायला बसला, तर समोर कोण? बँका, मोठी वृत्तपत्रं, पगारी लेखकांची फौज असलेल्या वेबसाइट्स. आपला विषयही गेला आणि त्यांच्या मैदानात आपला नंबरही लागला नाही.

मग एक्स्पर्टचं घर कशावर चालतं? चाळीस पोरांनी बारा-बारा हजार भरले तर ४ लाख ८० हजार होतात. त्यासाठी ब्लॉगवर एक ओळ लिहावी लागत नाही. ‘हेच होस्टिंग घ्या’ म्हणून दिलेल्या लिंकवर बहुतेकदा कमिशन असतं, ते वेगळं. पुरावा मागितला की कमाईचा स्क्रीनशॉट दाखवतात. ब्राउझरमध्ये आकडा बदलून तसा स्क्रीनशॉट काढायला दोन मिनिटं लागतात, मी स्वतः काढून पोरांना दाखवला. मागायचंच असेल तर वर्षभराचं बँक स्टेटमेंट मागा आणि त्यात कोर्सचे पैसे किती, जाहिरातीचे किती, हे वेगळं करून विचारा.

आता थोडं आपल्याच घरात. हा पोरगा एक्स्पर्टच्या दारात गेला, कारण आपण त्याला काय दिलं? त्याचा लेख दहा ग्रुपवर फिरवतो, कित्येकदा नाव काढून. मानधनाचं नाव काढलं की ‘चळवळीसाठी लिहितोस ना?’ १४ एप्रिलला डीजेसाठी लाखाची वर्गणी एका आठवड्यात उभी राहते. लिहिणाऱ्याच्या मोबाइल रिचार्जला कुणाचा हात खिशात जात नाही. ‘बहिष्कृत भारत’ १९२७ ला सुरू झालं आणि १९२९ ला पैशांअभावी बंद पडलं, हे आपण भाषणात अभिमानाने सांगतो. वास्तविक ते आपल्याला लाजवणारं आहे. बाबासाहेबांनी १९४३ च्या पुण्यातल्या भाषणात वृत्तपत्रं धंदा झाल्याचं सुनावलं होतं, पण पत्र चालवायला पैसा लागतो हे त्यांच्याइतकं कुणी भोगलं असेल? लिहून पैसे मिळवण्यात पाप नाही. पैसे जाहिरातदाराकडून येणार की वाचकाकडून, एवढाच प्रश्न आहे.

आमच्या अभ्यासिकेतल्या तीस जणांनी महिन्याला पन्नास रुपये द्यायचं ठरवलंय. दीड हजार होतात. लाख नाहीत, पण बचत गटाचा हप्ता निघतो.

तिकडे एक्स्पर्टने आता २५ हजारांचा ‘अ‍ॅडव्हान्स’ कोर्स काढलाय. पोराने ग्रुपवर बँक स्टेटमेंट मागितलं, तर त्याला ग्रुपमधून काढलं. आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. तिथे ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तुमच्यापैकी कुणी असे पैसे भरले असतील तर पावती, जाहिरात आणि वेबिनारचे मेसेज आजच जपून ठेवा. त्या ग्रुपमधून तुम्हालाही काढलं, तर हाती दुसरं काही राहणार नाही.