पत्रा, पत आणि पुट्टी

पुट्टी या पदार्थाविषयी माझं मत अत्यंत वाईट आहे आणि ते मी आज चारचौघांत मांडणार आहे. (घरात मांडून झालं. तिथे कुणी ऐकत नाही.)

वडिलांनी १९९९ साली फंडाच्या पैशांतून घेतलेली मारुती ८०० आमच्याकडे आहे. वास्तव्य रत्नागिरीत, म्हणजे पाऊस चार महिने आणि खारा वारा बारा महिने. इतक्या वर्षांत माणसाचे गुडघे जातात, तिथे पत्र्याला काय बोल लावायचा? तर तीन वर्षांपूर्वी एका दाराच्या खालच्या कडेला रंगाला फोड आला. वाटाण्याएवढा. "अहो, टोकरू नका," सौ. म्हणाली. मी टोकरलं. वाटाणा आत गेला आणि मागोमाग माझं बोटही.

"काही नाही साहेब," गॅरेजवाला म्हणाला, "पुट्टी मारतो, वर रंग. दोन दिवसांत नवी करून देतो."

चार हजार रुपयांत दार आरशासारखं झालं. शेजारचे नाना तर "नवीन घेतलीत काय?" म्हणाले. नानांना मोतीबिंदू आहे, हे मी आनंदाच्या भरात विसरलो. पुढच्या गणपतीत त्याच जागी फोड, आता लिंबाएवढा. दिवाळीत दार जरा जोरात लावलं, तर चार हजारांचा ऐवज एका तुकड्यात रस्त्यावर पडला.

बुडीत कर्ज झाकायची एक जुनी युक्ती आम्हा बँकवाल्यांना ठाऊक असते. फेडता येत नसेल तर त्याच माणसाला नवं कर्ज द्यायचं आणि त्यातून जुनं वळतं करून घ्यायचं. ताळेबंद गुळगुळीत, आत सगळं कुजलेलं. पुट्टी म्हणजे पत्र्याचा मार्चअखेर!

गंज चढतो चक्रवाढ दराने. लोखंड, पाणी आणि हवा हे तीन भागीदार. मीठ हा जामीनदार. ॲल्युमिनियमवर चढणारा थर घट्ट बसतो आणि खालच्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत; सुटून पडतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पाडतो. शिवाय तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा अडवतो, म्हणून रंग उचलला जातो. त्यावर पुट्टी थापायची, जी स्वतःच पाणी शोषते! जखम न धुता ओलं फडकं बांधणाऱ्याला आपण डॉक्टर म्हणू का?

पण खरा गुन्हा पुढेच आहे. काचेच्या फटीतून दाराच्या पोटात पाणी जातंच. गाडी बनवणाऱ्यांना ते माहीत असतं, म्हणून दाराच्या तळाला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती मातीने बुजली की पाणी आत साचतं आणि दार आतून बाहेर कुजत येतं. आपल्याला फोड दिसतो तो शेवटच्या अंकात. आमच्या कलावंताने सफाईच्या नादात ती भोकंही पुट्टीने लिंपली होती! वर्षभर मी दार नव्हे, हंडा घेऊन हिंडत होतो.

मग मीच बाह्या सरसावल्या. भोकं मोकळी करायला लागली खराट्याची एक काडी; खर्च शून्य. कुजलेला पत्रा वेल्डरने कापून नवा तुकडा जोडला, सहाशे रुपये. बाकी गंज मी तारेच्या ब्रशने आणि ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडला, पांढरा पत्रा लख्ख दिसेपर्यंत. खळग्यांत उरलेल्याला फॉस्फरिक ॲसिडचं गंजनाशक; हातमोजे, चष्मा आणि सौ.चा ओरडा यांसह. मग धुऊन, पूर्ण सुकवून, त्याच दिवशी प्रायमर. आमच्याकडे उघडा पत्रा रात्रीत तांबूस होतो. प्रायमर वाळल्यावर वर रंग, आणि दाराच्या पोटात मेणाचा फवारा. वेल्डर धरून एकूण चौदाशे रुपये.

"पण दिसतं कसं!" असं विचारणारे लोक आहेत. वाईट दिसतं. पांढऱ्या रंगाच्या किती जाती असतात हे मला त्या दिवशी कळलं. "दोन वर्षांत विकायचीच आहे, मग पुट्टी काय वाईट?" असंही एक सहकारी म्हणाला. त्याला मी माझ्या गाडीतली रबरी मॅट उचलून दाखवली. खाली ओल, आणि सीटबेल्टचा बोल्ट ज्या पत्र्यात आवळलेला असतो त्याच्या शेजारी, पुट्टीचं एक सुबक ठिगळ. त्या जागी माझी मुलगी बसते. दाराचं सोडा हो, दार फार तर पडेल. पण धक्का बसला की हा बोल्ट कशाला धरणार? पुट्टीला? तिथे मी स्वतः ब्रश लावला नाही. जाणकार वेल्डरकडून पूर्ण पत्रा बदलून घेतला. ते पैसे चौदाशेत धरलेले नाहीत. तिथे काटकसर केली नाही.

परवा नाना भेटले. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. गाडीजवळ थबकले, वाकले, दार निरखून पाहिलं.

"अरेरे! कुठे ठोकलीत हो?"

"कुठेच नाही नाना," मी म्हणालो. "दुरुस्त केलीय."