टाच टेकण्याआधी

अनंत चतुर्दशी होऊन आठवडा उलटला की लालबाग-परळात ढोल गप्प होतात आणि टाचा बोलायला लागतात. दहा दिवस दोरी धरून गर्दी आवरणारे कार्यकर्ते, नवसाच्या रांगेत रात्र उभ्यानं काढलेल्या बायका, लालबागहून सकाळी निघून दुसऱ्या दिवशी गिरगाव चौपाटीला पोचणाऱ्या राजाबरोबर अनवाणी गेलेली पोरं. पितृपक्षातल्या सकाळी यातले कितीतरी जण अंथरुणातून पाय खाली ठेवतात आणि भिंत धरतात.

यंदा मीही भिंत धरतो. माझी टाच मात्र भक्तीनं नाही, या सदरानं गेली. दर आठवड्याला मुंबईचा एक तुकडा पायी तुडवायचा आणि मग लिहायचं, तेही झिजून पापड झालेल्या कोल्हापुरीवर. कोल्हापुरीवर माझा जीव आहे, पण तिला नुसता तळ असतो, आधार नसतो.

दुखणं मोठं लबाड. सकाळचं पहिलं पाऊल टाकताना टाचेच्या आतल्या बाजूला, बुडाशी, कुणी खिळा ठोकून ठेवलाय असं वाटतं. मोरीपर्यंत लंगडत जायचं. चहा होईतो कळ ओसरते आणि आपण विसरतो. तासभर बसून उठलं की खिळा परत जागेवर. डॉक्टरकडे चालत जावं तर तिथं पोचेपर्यंत दुखायचं थांबलेलं असतं, आणि ‘कुठं दुखतंय’ म्हटल्यावर आपण अंदाजानं बोट ठेवतो.

चाळीत दुखणं लपत नाही. आमच्या गॅलरीतल्या काकूंनी मी दोन दिवस लंगडताना पाहिलं आणि निदान करून टाकलं: ‘हाड वाढलंय.’ मग उपचार आले. तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकायची. पानं दादरच्या फुलबाजारात मारुतीच्या हारासाठी येतातच. (त्याचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, एवढंच माझं म्हणणं.) काशाच्या वाटीनं तूप लावून तळपाय घासायचे. कुणी सांगितलं, लाटणं पायाखाली फिरवा. हे आईच्या कानावर गेलं. ती काही बोलली नाही, फक्त लाटणं उचलून वरच्या फळीवर ठेवलं.

शेक आणि काशाची वाटी या गोष्टींना मी नावं ठेवणार नाही. बरं वाटतं, हे खरं आहे. पण ‘हाड वाढलंय’ हे निदान आपण सोडून द्यायला हवं. टाचेच्या एक्स-रेमध्ये हाडाचं अणकुचीदार टोक दिसतं आणि माणूस घाबरतो. तसंच टोक टाच अजिबात न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांच्या एक्स-रेतही सापडतं. दुखतो तो टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत ताणलेला जाड, चिवट पट्टा. त्याला प्लँटर फॅशिया म्हणतात. जे. एच. हिक्स या ब्रिटिश डॉक्टरनं १९५४ मध्ये त्याचं काम समजावून सांगितलं. पाऊल उचलताना बोटं वर वळतात, तेव्हा हा पट्टा रहाटावर दोर गुंडाळावा तसा बोटांच्या मुळाशी गुंडाळला जातो, ताणतो, आणि पायाची कमान उचलून धरतो. दिवसाकाठी हजारो वेळा हा रहाट फिरतो. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आणि पोटरी दोन्ही आखडतात, आणि सकाळी आपण अख्खं वजन एकदम त्यावर टाकतो. पहिल्या पावलाचा खिळा तो हा.

दुखण्याचं नाव प्लँटर फॅशियायटिस. त्यातलं ‘आयटिस’ म्हणजे दाह. हार्वी लेमाँट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ५० शस्त्रक्रियांमधले या पट्ट्याचे नमुने तपासले, तर त्यात दाह दिसला नाही, झीज दिसली. आजीची जुनी पैठणी घडीवर विरते तसा धागा विरलेला. म्हणून नुसत्या वेदनाशामक गोळ्यांनी हे दुखणं जात नाही, तेवढ्यापुरतं गप्प बसतं. सुश्रुतानं टाचेच्या अशा दुखण्याला वातकंटक म्हटलंय, पाऊल विषम पडल्यानं होणारं. ‘कंटक’ म्हणजे काटा; हा शब्द ज्यानं निवडला त्याला सकाळचं पहिलं पाऊल नक्की माहीत असणार.

डॉक्टरांनी मला तपासलं, अंगठ्यानं टाचेच्या आतल्या बाजूला दाबलं, मी कळवळलो, आणि त्यांनी सांगितलेल्या यादीत पहिलंच वाक्य होतं: ‘घरात चप्पल घाला.’

हे वाक्य गिरगावातल्या दोन खोल्यांच्या घरात काय करतं, हे त्यांना ठाऊक नसावं. आमची आतली खोली म्हणजे स्वयंपाकघर, जेवणघर, देवघर. ओट्यापासून देव्हारा चार पावलांवर. आई म्हणाली, ‘चपला घालून देवासमोर उभा राहणार तू?’ मी म्हटलं, नवी जोडी आणतो, उंबऱ्याबाहेर एकदाही जाणार नाही. दोन दिवस विचार झाला. शेवटी ‘ओट्यापर्यंत चालेल, देव्हाऱ्यापाशी काढायच्या’ असा तह झाला.

परळमध्ये हॉस्पिटलांच्या आसपास ऑर्थोपेडिक सामानाची दुकानं आहेत. तिथून मऊ तळाच्या, कमानीला उंचवटा असलेल्या एमसीआर चपलेच्या दोन जोड्या आणल्या, एक घरातली, एक बाहेरची. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. आपल्याकडे हे रबर चपलांत रुळलं ते कुष्ठरोग्यांसाठी, वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांच्यासारख्यांच्या कामातून. ज्यांच्या तळपायाला काही कळतच नाही, त्यांना जखमा होऊ नयेत म्हणून केलेली चप्पल. ती आज ज्यांना जरा जास्तच कळतंय त्यांच्या पायात आहे. दिसायला अगदीच बेंगरूळ. बाहेरची जोडी मी लग्नालाही घालतो.

पंधरा दिवसांनी आई म्हणाली, ‘मला पण एक आण. माझ्या मापाची.’

विचारलं तर म्हणाली, टाच दुखतेच की. कधीपासून? तीस वर्षं असतील. सांगायचं काय त्यात, सगळ्यांच्याच दुखतात.

मी तेव्हापासून ओट्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो. आईची सासू पाटावर बसून स्वयंपाक करायची. विळी जमिनीवर, स्टोव्ह जमिनीवर, परात मांडीपुढे. मग घराघरात गॅस आला, कडप्प्याचा ओटा आला, आणि बाई उभी राहिली. ही प्रगतीच होती, मला पाटाचे गोडवे गायचे नाहीत. जमिनीवरून पन्नासदा उठबस करणाऱ्या गुडघ्यांना विचारा. पण बाई उभी राहिली ती शहाबादी फरशीवर, अनवाणी, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. चाळी पाडून टॉवर झाले तिथं शहाबादीच्या जागी गुळगुळीत टाइल्स आल्या. फरशी चकचकीत झाली, पण कडक ती कडकच राहिली. ओट्यापाशी एक उंच स्टूल ठेवा, भाजी निवडणं-चिरणं त्यावर बसून करा, हे सांगायला सोपं. आमच्या स्वयंपाकघरात स्टूल ठेवलं तर फ्रिजचं दार उघडत नाही.

तरी काही गोष्टी दोन खोल्यांत होतात. पाय खाली ठेवण्याआधी, अंथरुणातच, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा आणि हातानं बोटं नडगीकडे ओढून धरायची. दहा अंक मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा, त्यातलं पहिलं टाच टेकण्याआधी. तळव्यावर दुसऱ्या हाताचं बोट ठेवलं तर पट्टा वीणेच्या तारेसारखा ताणलेला लागतो. लागला म्हणजे जमलं. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, तीही दिवसातून दोन-तीनदा. लाटण्याऐवजी पाण्याची छोटी बाटली गोठवून पायाखाली फिरवायची. मधुमेह असेल आणि पाय बधिर असतील तर बर्फही नको आणि विटेचा शेकही नको, पोळलेलं कळत नाही.

आणि जिना. डेन्मार्कमधल्या मायकेल राथलेफ यांच्या गटानं २०१५ मध्ये छापलेला व्यायाम आमच्या चाळीसाठीच शोधला असावा. पायरीच्या कडेवर उभं राहायचं, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल, टाच हवेत. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद वरच थांबायचं, तीन सेकंदांत खाली. दिवसाआड. तीन महिन्यांनी हा व्यायाम करणाऱ्यांना नुसत्या ताणाच्या व्यायामापेक्षा जास्त आराम होता. वर्षानं मात्र दोन्ही गट सारखेच. यातलं मला आवडलं ते हे शेवटचं वाक्य. बहुतेकांची टाच काही महिन्यांत, फार तर वर्ष-दीड वर्षात, सुधारतेच. घाई करणाऱ्यांसाठी स्टिरॉइडचं इंजेक्शन असतं. त्यानं काही आठवडे छान जातात, पण पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. ‘गणपतीआधी एक टोचून द्या’ म्हणून ते मागू नये. टाच सुजली असेल, मुंग्या येत असतील, पडल्यावर दुखायला लागली असेल, किंवा तरुण वयात दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबरही आखडत असेल, तर मात्र हा लेख बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

जिन्यावर मी टाचा वरखाली करत असताना तळमजल्यावरचे अण्णा खुर्ची टाकून बघत बसतात. त्यांचं आयुष्य मिलमध्ये, साच्यावर (मागावर) गेलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा ते तिशीत होते. म्हणाले, ‘पाळी सुटली की पाय फुगलेले असायचे. आम्ही समजायचो, साच्यावर उभं राहायचं तर हे असणारच.’ मी त्यांना सांगितलं की १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये ४४ वं कलम होतं. उभ्यानं काम करणाऱ्या कामगारांना, कामात जरा उसंत मिळाली तर टेकता यावं म्हणून बसायची सोय कारखान्यानं करायची. अण्णा बराच वेळ हसले. कागदावर तरी होतं म्हणा, असं मी म्हटलं. ते पुन्हा हसले.

गिरण्यांच्या जागी मॉल आले. लोअर परळची फिनिक्स मिल हे सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण. साचेवाला गेला आणि त्याची नात कपड्यांच्या रॅकपाशी उभी राहिली, दोन्ही हात पुढे बांधून. दादरच्या जुन्या साडीच्या दुकानांत पांढरी गादी असायची. विकणाराही बसलेला, घेणारीही बसलेली, साड्या मांडीवर उलगडायच्या. नव्या दुकानांत गादीच्या जागी काचेचं काउंटर आलं. गिऱ्हाइकासमोर बसणं हा आता उद्धटपणा ठरतो. केरळमध्ये कोळिकोडच्या बाजारात पी. विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी दुकानांतल्या बायकांना एकत्र केलं, आधी स्वच्छतागृहासाठी आणि मग बसण्यासाठी. २०१८ मध्ये केरळनं दुकान कायद्यात बसण्याचा हक्क घातला, २०२१ मध्ये तामिळनाडूनं. अण्णांचं हसणं ऐकल्यावर मी कायद्याचं पान उघडायचं सोडलंय. दुकानात शिरलो की काउंटरमागे स्टूल आहे का, तेवढं बघतो.

परवा दादरला गेलो होतो. गौरीसाठी घेतलेल्या एका साडीचा फॉल राहून गेला होता. पितृपक्ष चालू, दुकानात माझ्याशिवाय चिटपाखरू नाही. चार मुली चार काउंटरांमागे उभ्या. करण्यासारखं काहीही नाही, तरी उभ्या. त्यातली एक चपलेतून पाय काढून टाच काउंटरच्या खालच्या दांडीवर घासत होती. मी माझ्या बेंगरूळ चपलांकडे बोट दाखवून विचारलं, सकाळी पहिलं पाऊल दुखतं का? ती चमकली. म्हणाली, ‘तुम्हाला कसं कळलं, काका?’ मग मी तिथंच, दुकानाच्या पायरीवर, टाचा वरखाली करून दाखवल्या. बाकीच्या तिघी हसल्या, पण बघत होत्या. दोघींनी आपलीही टाच दाबून पाहिली.

‘पायरी आहे काका,’ ती म्हणाली, ‘पण मध्ये मध्ये बसायला मिळालं असतं ना, तर बरं झालं असतं. नवरात्र आलंच आता, रोज वेगळा रंग, गर्दीत श्वास घ्यायला मिळत नाही.’ मी म्हटलं, एक स्टूल मागा की शेठकडे. तर म्हणे, ‘आम्ही कसं मागणार? तुम्हीच सांगा, गिऱ्हाइकाचं ऐकतात ते.’

शेठ जेवायला गेले होते. साडीचा फॉलही झाला नव्हता. मंगळवारी परत बोलावलंय.

– पायपीटकर