वर्गणी की भाडे?

बायबलच्या अभ्यासासाठी तयार केलेल्या सॉफ्टवेअरची किंमत एकरकमी असावी की मासिक, हा प्रश्न मराठी साहित्याच्या अभ्यासकांना परका वाटण्याचा संभव आहे. तथापि या प्रश्नावर त्या सॉफ्टवेअरच्या ग्राहकांनी गेल्या काही वर्षांत व्यक्त केलेली मते ग्रंथ, वाचक आणि वाचनाची साधने यांच्या परस्परसंबंधांविषयी बरेच काही सांगून जातात. एकाच संहितेचे आयुष्यभर, शब्दशः आणि पुनःपुन्हा वाचन करणारा वाचकवर्ग आज फार थोडा उरला आहे. बायबलचा अभ्यासक हा त्यांपैकी एक. अशा वाचकाकडे त्याच्या वाचनसाधनांचे मोल दरमहा मागितले गेले तेव्हा तो काय म्हणाला, हे आपणही ऐकण्यासारखे आहे.

प्रथम हे साधन म्हणजे नेमके काय, ते पाहू. अलेक्झांडर क्रूडन यांनी १७३७ साली इंग्रजी बायबलची शब्दसूची प्रसिद्ध केली. कोणता शब्द कोणकोणत्या वचनांत आला आहे, हे त्यामुळे एका ठिकाणी पाहता येऊ लागले. १८९० साली प्रसिद्ध झालेल्या जेम्स स्ट्राँग यांच्या शब्दसूचीने आणखी एक मोठी सोय केली. त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शब्दांना क्रमांक दिले. त्यामुळे मूळ भाषा न येणाऱ्या वाचकालाही इंग्रजी भाषांतरातील ‘प्रेम’ या एका शब्दामागे कोठे कोणता ग्रीक शब्द उभा आहे, हे पडताळता येऊ लागले. संगणकाने हे काम कित्येक पटींनी पुढे नेले. शब्दावर निर्देश करताच त्याचे मूळ रूप, व्याकरणिक ओळख, कोशातील अर्थ, निरनिराळी भाषांतरे आणि भाष्ये एकाच पडद्यावर दिसतात. एखादे क्रियापद विशिष्ट काळात नव्या करारात कोठे कोठे आले आहे, असा शोध काही क्षणांत घेता येतो. ज्ञानेश्वरीच्या किंवा लीळाचरित्राच्या अभ्यासकाला हेवा वाटावा, असे हे साधन आहे.

अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या आरंभी या व्यवसायाने आकार घेतला. बायबलवर्क्स आणि लोगोस ही नावे १९९२च्या सुमारास पुढे आली, तर अकॉर्डन्स १९९४ साली मॅकिंटॉश संगणकासाठी उपलब्ध झाले. बराच काळ व्यवहार सरळ होता. सॉफ्टवेअर व त्यासोबतचा ग्रंथसंच एकदा विकत घ्यावयाचा आणि काही वर्षांनी नवी आवृत्ती आली की, वाटल्यास तिची वेगळी किंमत द्यावयाची. लहान संच काही शेकडा डॉलरांना मिळत, मोठ्यांसाठी हजारो डॉलर मोजावे लागत. २०२४ साली लोगोसने ही रीत मोडली. नवी वैशिष्ट्ये यापुढे मासिक किंवा वार्षिक शुल्क भरणाऱ्यांनाच मिळतील, असे ठरले. अन्य क्षेत्रांत हे अगोदरच घडले होते. छायाचित्रे व मुद्रणाच्या मांडणीची सॉफ्टवेअर बनविणाऱ्या अडोबी या कंपनीने २०१३ सालीच हा मार्ग धरला होता आणि तेव्हाही ग्राहकांनी मोठा विरोध केला होता.

या बदलावर जी मते व्यक्त झाली, त्यांत तीन सूर ठळकपणे ऐकू येतात. पहिला सूर जुन्या ग्राहकांचा. वीस-पंचवीस वर्षे एकेक ग्रंथ घेत ज्यांनी आपले संगणकीय ग्रंथालय उभारले, त्यांना आता आपल्याच घराच्या उंबरठ्यावर प्रवेशशुल्क मागितल्यासारखे वाटते. त्यांत निवृत्त पाळक आहेत आणि लहान मंडळ्यांचे अल्प वेतनावरील उपदेशकही आहेत. त्यांचा हिशेब सोपा आहे. महिना १५ डॉलर धरले तर वर्षाचे १८० होतात. तीस वर्षे सेवा करणाऱ्या पाळकाने त्याच दराने ५,४०० डॉलर भरले, तरी शेवटच्या महिन्यानंतर त्याच्या हाती काय उरणार? दुसरा सूर नव्या वाचकांचा, विशेषतः विद्यार्थ्यांचा आहे. एकदम हजार डॉलर देणे त्यांना कधीच शक्य नव्हते. महिन्याला थोडे देऊन उत्तम साधन वापरता येत असेल, तर ते त्यांना सोयीचे वाटते. तिसरा सूर व्यवहारी आहे. संगणकाच्या कार्यप्रणाली दरवर्षी बदलतात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा शोध घेतला की प्रत्येक वेळी कंपनीला खर्च येतो. हा खर्च एकदाच घेतलेल्या किमतीतून भागणार कसा, असे या मंडळींचे म्हणणे.

या तिसऱ्या सुराकडे दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही. साधन हे छापील ग्रंथासारखे एकदा तयार होऊन थांबत नाही. त्याची सतत देखभाल करावी लागते, आणि देखभाल करणाऱ्याला वेतन हवे असते. बायबलवर्क्स २०१८च्या जून महिन्यात बंद झाले. ज्यांनी ते विकत घेतले होते, त्यांच्या संगणकावर ते राहिले, परंतु नव्या आवृत्त्या येणे थांबले. नव्या कार्यप्रणालींशी ते जुळवून घेण्याची जबाबदारी आता कोणाचीच नव्हती. म्हणजे एकरकमी किमतीनेही कायमची शाश्वती दिली नव्हती. जुने ग्राहक ज्याला मालकी म्हणतात, ती कायद्याच्या दृष्टीने बहुधा वापराचा परवानाच असते. पूर्वी पैसे एकदा घेतले जात आणि खोक्यातून तबकडी हाती पडे, म्हणून त्या परवान्याला मालकीचे रूप आले होते इतकेच.

मग या ग्राहकांची तक्रार अज्ञानातून आली आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्यांच्या तक्रारीचा नेमका आशय समजून घ्यावयाचा तर आपल्या भाषेतील एका शब्दाकडे वळावे लागेल. इंग्रजीतील ‘सबस्क्रिप्शन’ला आपण ‘वर्गणी’ म्हणतो. मराठी माणसाच्या मनात वर्गणीची एक निश्चित कल्पना आहे. वर्गणी ही सहभागाची खूण असते. नियतकालिकाचा वर्गणीदार वर्षाचे पैसे आगाऊ भरतो आणि त्याच्या भरवशावर संपादक अंक काढतो. वर्गणी थांबली की पुढचे अंक येत नाहीत, परंतु आलेले अंक कोणी परत मागत नाही. ते कपाटात राहतात. पुढे ते बांधून घेता येतात, विद्यार्थ्याला देता येतात, ग्रंथालयाच्या स्वाधीन करता येतात. भाड्याची गोष्ट निराळी. भाडे थांबले की जागा सोडावी लागते, मग त्या जागेत माणूस तीस वर्षे राहिलेला असो.

सॉफ्टवेअरच्या व्यवहारात वर्गणीचे नाव घेऊन बहुधा भाडे आकारले जाते, आणि ग्राहकांचा खरा रोष या नावाआडच्या बदलावर आहे. दर महिन्याला पैसे देण्यास त्यांच्यापैकी अनेकांची हरकत नाही. दिलेल्या पैशातून काही साठत नाही, ही त्यांची हरकत आहे. कंपनीलाही हे काही प्रमाणात उमगले असावे. पूर्वी विकत घेतलेली पुस्तके ग्राहकाकडेच राहतील, असे लोगोसने स्पष्ट केले, आणि सलग दोन वर्षे शुल्क भरणाऱ्याने पुढे ते बंद केले तरी त्याला वैशिष्ट्यांचा एक संच कायम वापरता येईल, अशी तरतूदही ठेवली. आमच्या मते ही तरतूद महत्त्वाची आहे, कारण तिने भाड्याला थोडेसे वर्गणीचे रूप येते.

शब्दाच्या प्रामाणिकपणाचा हा प्रश्न आता विधिमंडळांपर्यंतही पोहोचला आहे. कॅलिफोर्निया राज्यात २०२४ साली संमत होऊन १ जानेवारी २०२५पासून अमलात आलेल्या कायद्यानुसार, डिजिटल वस्तूचा केवळ परवाना दिला जात असेल तर ते ग्राहकाला स्पष्टपणे सांगितल्यावाचून विक्रेत्याला ‘खरेदी’ हा शब्द वापरता येत नाही. भाषेच्या अध्यापकांनी या कायद्याची नोंद घेतली पाहिजे. एका क्रियापदाचा अर्थ ढळला म्हणून विधिमंडळाला कायदा करावा लागला, असे प्रसंग वारंवार येत नाहीत.

आता या वादात ज्याची चर्चा सर्वांत कमी झाली, त्या गोष्टीकडे येऊ. पुस्तके कोणाची आणि साधन कोणाचे, यावर पुष्कळ बोलले गेले. परंतु त्या साधनात वाचकाने स्वतः लिहिलेल्या टिपांचे काय? बायबलचा गंभीर वाचक एकेका वचनाशी आपली टीप जोडतो, अधोरेखन करतो, दोन दूरच्या वचनांमध्ये दुवा निर्माण करतो, आपली प्रवचने तेथेच लिहितो. वीस वर्षांनंतर हे लेखन म्हणजे त्याचे स्वतःचे भाष्यच होते. ते त्याने कोणाकडून विकतही घेतलेले नाही आणि भाड्यानेही आणलेले नाही.

या बाबतीत मायक्रोसॉफ्टचे उदाहरण बोलके आहे. त्या कंपनीने २०१९ साली आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. विकलेली पुस्तके उघडेनाशी झाली आणि ग्राहकांना त्यांचे पैसे परत मिळाले. ज्यांनी पुस्तकांवर टिपा अथवा खुणा केल्या होत्या, त्यांना वर आणखी २५ डॉलर देण्यात आले. व्यवहाराच्या दृष्टीने कंपनी सचोटीने वागली, हे मान्य करावे लागेल. पण तो आकडा पाहून वाचक अस्वस्थ झाल्यावाचून राहत नाही. पुस्तकाची किंमत परत करता येते, कारण ती मुळातच पैशात ठरलेली असते. समासातल्या टिपेची किंमत कोणीच ठरविलेली नसते, म्हणून तिची भरपाई करावयाची वेळ आली की असाच एखादा आकडा पुढे येतो.

म्हणून आमचे मत असे. देखभालीचा, नव्या सोयींचा, सर्व्हरचा खर्च कंपनीने मासिक शुल्कातून वसूल करावा. त्यात अन्याय नाही. परंतु वाचकाच्या टिपा कोणत्याही साध्या लेखन-प्रणालीत उघडतील अशा स्वरूपात, वचनांच्या संदर्भासह, केव्हाही आणि विनामूल्य बाहेर काढता आल्या पाहिजेत. शुल्क थकले म्हणून त्या अडून राहता कामा नयेत. जे ग्राहक केवळ दराविषयी तक्रार करीत आहेत, त्यांनी ही मागणी अग्रभागी ठेवली तर त्यांच्या विरोधाला अधिक भक्कम पाया मिळेल.

विनामूल्य साधने असताना एवढा खल कशासाठी, असाही एक आक्षेप घेतला जातो. ई-स्वोर्ड २००० सालापासून फुकट मिळते. केंब्रिजच्या टिंडेल हाउसचे स्टेप बायबल विनामूल्य आहे. क्रॉसवायर या संस्थेचा स्वोर्ड प्रकल्प तर मुक्तस्रोत आहे. ही साधने नक्कीच मोलाची आहेत. परंतु स्ट्राँग यांची शब्दसूची स्वामित्वहक्काच्या बंधनातून केव्हाच मुक्त झाली आहे, अलीकडचे प्रमाणभूत कोश आणि भाष्ये मात्र झालेली नाहीत. गरीब वाचकाने एकोणिसाव्या शतकातील विद्वत्तेवर भागवावे आणि सधन वाचकाने विसाव्या-एकविसाव्या शतकातील विद्वत्ता वापरावी, अशी विभागणी त्यातून होऊ शकते. डॉलरमधील शुल्क महाराष्ट्रातील एखाद्या खेड्यातल्या पाळकाला किती जड जाईल, हे वेगळे सांगावयास नको.

या संदर्भात पंडिता रमाबाईंचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. त्यांच्या निधनानंतर १९२४ साली ते केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापले गेले. कोश, व्याकरणे आणि शब्दसूच्या ही साधने वर्षानुवर्षे हाताशी असल्याखेरीज एवढे दीर्घ काम तडीस जात नाही. ते काही महिन्यांच्या मुदतीत बसणारे नसते.

हा प्रश्न बायबलच्या वाचकांपुरता मर्यादित नाही, हे आपल्या महाविद्यालयांनी तरी ओळखावयास हवे. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेला मान्यता दिली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची ही योजना आहे आणि तिच्यामुळे शासकीय उच्चशिक्षण संस्थांना हजारो संशोधन-नियतकालिके खुली होत आहेत. तिचे स्वागतच केले पाहिजे. पण तिच्या नावातही ‘वर्गणी’ हाच शब्द आहे. मुदत संपल्यावर ग्रंथालयाच्या कपाटात काय उरेल, हा प्रश्न आपण आजच विचारावयास हवा. अमेरिकेतील निवृत्त पाळकाने तो आपल्या तुटपुंज्या मिळकतीचा हिशेब मांडताना विचारला. संशोधनावर जगणाऱ्या विद्यापीठांना त्याहून अधिक काटेकोरपणे तो विचारता आला पाहिजे.