बारा वर्षे कसली म्हणून जमीन आपली होते?

"बारा वर्षे झाली, आता जमीन त्याचीच," असे गावात सहज बोलले जाते. ते ऐकून मुंबईत किंवा आखातात नोकरीला असलेला भाऊ घाबरतो आणि माहेरच्या वाट्याची आशा धरलेली बहीण गप्प बसते. या बोलण्यात अर्धेच खरे आहे.

खरे काय? १९६३ च्या मुदत कायद्यातील अनुच्छेद ६५ प्रमाणे, दुसऱ्याच्या ताब्यातली आपली जमीन परत मागण्याचा दावा बारा वर्षांत करावा लागतो. ही मुदत त्याचा ताबा आपल्याविरुद्ध झाला त्या दिवसापासून मोजतात. मुदत टळली की कलम २७ नुसार मूळ मालकाचा हक्कच संपतो. सरकारी जमिनीसाठी ही मुदत तीस वर्षे आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रविंदर कौर ग्रेवाल खटल्यात सांगितले, की असा कब्जेदार मालकीसाठी स्वतःही दावा करू शकतो.

मात्र 'विरुद्ध' हा शब्द नीट वाचा. ताबा उघड हवा, सलग हवा आणि खऱ्या मालकाचा हक्क नाकारणारा हवा. चुलतभावाला "तू बघ" म्हणून दिलेले घर, राखणीला ठेवलेला माणूस, भाडेकरू, यांचा ताबा परवानगीचा असतो. तो कितीही वर्षे चालला तरी केवळ वर्षे मोजून मालकी मिळत नाही. कुळाचा हक्क वेगळ्या कायद्याने ठरतो, म्हणून शेत कसायला देताना आधी वकिलाला विचारा.

आता बहिणींचा प्रश्न. वडिलांच्या इंतेकालानंतर सगळे वारस सहहिस्सेदार होतात आणि एकाचा ताबा सर्वांच्या वतीने धरला जातो. भावाने एकट्याने शेत कसले, सातबाऱ्यावर एकट्याचे नाव लावले, एवढ्याने बहिणीचा वाटा बुडत नाही. सातबारा ही महसुलाची नोंद आहे. तिने मालकी तयार होत नाही. पण "तुझा इथे काही हक्क नाही" असे भावाने तिला उघड बजावले आणि बाहेर ठेवले, तर मुदत सुरू होऊ शकते. नुसती नोटीस पाठवून ती थांबत नाही. दावाच दाखल करावा लागतो.

मशीद, दर्गा, कब्रस्तान यांच्या विश्वस्तांनीही जागे व्हावे. १९९५ च्या वक्फ कायद्यातील कलम १०७ मुळे वक्फ जमीन परत मिळवण्याच्या दाव्याला मुदत कायदा लागू नव्हता. २०२५ च्या दुरुस्तीने तो लागू केला आहे.

म्हणून घरोघरी एवढे करा: वारस नोंद वेळेवर लावा. वर्षातून एकदा सातबारा आणि फेरफार पाहा. जमीन सांभाळायला दिली तर लेखी द्या. बहिणींनो, हक्कसोड पत्र वाचल्याशिवाय, समजल्याशिवाय सही करू नका.

आणि भावांनो, कोर्टातली मुदत बारा वर्षांनी संपेलही. पण सूरह निसामध्ये बहिणीचा वाटा ठरवून दिला आहे, त्याला मुदत नाही.